मोजणी येण्याआधी नळदुर्गास

प्रिय नळदुर्गा,



देशाची पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून व्हायची आहे. त्या सुमाराला तुझ्या गल्ल्यांतून, शिवारातल्या वस्त्यांवरून आणि भोवतीच्या तांड्यांवरून प्रगणक फिरतील. बहुधा ते शाळेतले गुरुजी किंवा बाईच असतील. दारात उभं राहून ते नाव विचारतील, वय विचारतील, धर्म, जात, मातृभाषा विचारतील. जनगणनेत सगळ्यांची जात १९३१ नंतर पहिल्यांदाच नोंदली जाणार आहे. त्यामुळे चावडीपासून टीव्हीपर्यंत सगळी चर्चा जातीच्या रकान्याची चालली आहे. ती चालू दे. मला तुझ्याशी बोलायचंय ते मातृभाषेच्या रकान्याबद्दल. हे पत्र दुसऱ्या गावालाही लिहिता आलं असतं. पण मराठी, कानडी, तेलुगू, दखनी, गोरबोली, वडारी, कैकाडी, पारधी एवढ्या बोली ज्याच्या बाजारात एकाच दिवशी कानावर पडू शकतात, असं गाव म्हणून मला आधी तूच आठवलास.

तुझ्या खंडोबापासून सुरुवात करतो. त्याचं एक देऊळ अणदूरला आहे आणि एक तुझ्या मैलारपूरला. मूर्ती मात्र एकच. वर्षातले सव्वादहा महिने ती अणदूरला असते आणि पावणेदोन महिने तुझ्याकडे. मूर्ती नेताना-आणताना दोन्ही गावांमध्ये लेखी करार होतो. मार्गशीर्षात देव तुझ्याकडे येतो आणि पौष पौर्णिमेला तुझी मोठी जत्रा भरते. तेव्हा सोलापूरकडचे, कर्नाटकातले, आंध्र-तेलंगणातले भक्त एकाच भंडाऱ्यात पिवळे होतात. कुणी त्याला खंडोबा म्हणतं, कुणी मैलार, कुणी मल्लन्ना. त्याची म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, तर बाणाई धनगराची. बाणाईशी त्याचं लग्न तुझ्याच भूमीत लागलं, असं भक्त सांगतात. या देवाच्या मागे रा. चिं. ढेरे गेले, गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन अभ्यासक गेले आणि त्यांनी त्याच्याभोवती जमलेल्या साऱ्या जातीजमातींची उकल केली. मला त्यातला तुझा लेखी करार सगळ्यांत मोलाचा वाटतो. दोन्ही गावांनी दुसरी मूर्ती घडवून वेगळी चूल मांडली नाही. त्यांनी वर्ष वाटून घेतलं, ते कागदावर लिहिलं आणि पाळलं. देवाला अणदूरचा म्हटलं म्हणून तो तुझा नाही, असं तुझ्याकडे कुणी म्हणत नाही.

देवाला आपण देतो ती मुभा माणसाला देताना मात्र आपला हात आखडतो. माणसाला विचारतो, तू नक्की कोण? एकच सांग.

मार्गशीर्ष अमावस्येचा दिवस डोळ्यांपुढे आण. वेळा अमावस्या. पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला हा सण सांगावा लागतो, कारण तो त्याच्या कॅलेंडरात ठळक नाही. धाराशिव आणि लातूरकडे मात्र त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. ज्वारीच्या कडब्याची कोप करायची, पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडायचे, त्यांना पुजायचं. डोक्यावरच्या टोपलीतून भज्जी यायची. तूर, हरभरा, वाटाणा, वाल, हाताला लागेल ती हिरवी शेंग आणि पालेभाजी चिंचेच्या पाण्यात, बेसन लावून शिजवलेली. सोबत उंडे, खीर आणि मडक्यातली ताकाची आंबील. आमंत्रण कुणाला द्यायचं नसतं, दिसेल त्याला कोपीत बसवायचं असतं. ज्यांना स्वतःचं रान नाही, ते दुसऱ्याच्या रानात जेवतात. मुसलमान शेतकऱ्याच्या रानातही कोप उभी राहते, लिंगायताच्याही आणि मराठ्याच्याही. आंबील पिकाभोवती शिंपडत जी आरोळी द्यायची असते, ती मोडक्या कानडीतली आहे. ती देणाऱ्या बहुतेकांना तिचा अर्थ सांगता येत नाही आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नाही. हाच सण सीमेपलीकडे बिदर आणि कलबुर्गीच्या रानांत त्याच दिवशी चाललेला असतो. भाषेवरून राज्यं आखली गेली तेव्हा कडब्याच्या या कोपी दोन्ही बाजूंना सारख्याच राहिल्या.

हे तुला नवं नाही, हे मला ठाऊक आहे. मी ते लिहितोय कारण या सणाची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. जनगणना, जातीचा दाखला, रेशनकार्ड, आधार यांतला एकही कागद विचारत नाही की तुम्ही वेळा अमावस्येला कुणाच्या कोपीत जेवलात. तुझ्या माणसाची खरी ओळख तिथे पाच-सहा तास उघडी बसलेली असते, आणि कागद तिच्या अंगावरून निघून जातो.

तुझा किल्ला बघायला येणारे पावसाळ्यात येतात, नर-मादी धबधबे बघतात, फोटो काढतात आणि जातात. बोरी नदीवर किल्ल्यातच बांधलेला तो बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ च्या सुमाराचा. मीर इमादीन नावाच्या कारागिराचं ते काम आणि त्यावरचा लेख फारसीत. पाणी डोक्यावरून कोसळत असताना आतल्या माणसाला कोरडं ठेवणारी ती करामत तर खरीच. पण मला त्या बादशहाविषयी एक गोष्ट अधिक सांगावीशी वाटते. त्याच्या दरबारात आलेल्या असद बेग या मोगल वकिलाने नोंदवून ठेवलंय की हा सुलतान फारसीपेक्षा मराठी सफाईने बोलतो. याच सुलतानाने संगीतावरचा आपला ग्रंथ दखनीत रचला आणि त्यात सरस्वतीची आणि गणपतीची स्तुती केली. त्याची गादी विजापूरला, म्हणजे कानडी मुलखात. म्हणजे तुझा बंधारा ज्याने बांधवला त्याचा लेख फारसी, कविता दखनी, बोलणं मराठी आणि रयत मराठी-कानडी. आज तो जनगणनेच्या दारात उभा राहिला, तर गुरुजी मातृभाषेच्या रकान्यात काय लिहितील? बहुधा न विचारताच उर्दू लिहितील. कारण नाव ऐकलं की भाषा ठरवून टाकायची, ही आपली सवय आहे.

ही सवय तुझ्या माणसांना रोज भेटते. घरात दखनी बोलणाऱ्या, बाजारात मराठीत घासाघीस करणाऱ्या, आजोळी कानडी ऐकलेल्या पोराला कुठल्यातरी शहरातल्या घरमालकाने विचारलेलं असतं, ‘तुम्ही मराठी इतकं चांगलं कसं बोलता?’ विचारणाऱ्याला ते कौतुक वाटतं. ऐकणाऱ्याला कळतं की आपल्याला पाहुणा धरलंय. ज्याच्या पणजोबाची कबर बोरीच्या काठी आहे, त्याला स्वतःच्या राज्यात पाहुणा ठरवायला हे एवढं एक वाक्य पुरतं.

तुझ्या कागदांचं तरी काय सांगावं! विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जिल्हा तुझ्याच नावाचा होता. मुलूख इंग्रजांकडे गेल्यावर, १८५३ नंतर, कर्नल मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी तुझ्याच किल्ल्यात राहून त्या जिल्ह्याचा कारभार बघत होता. १८६० मध्ये मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. पुढे ठाणं हललं, जिल्हा उस्मानाबाद झाला आणि २०२३ मध्ये धाराशिव. राज्यही बदलत गेलं. आधी हैदराबाद, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. एखाद्या घरातल्या पणजोबाच्या कागदावर नळदुर्ग जिल्हा, आजोबाच्या सनदेवर उस्मानाबाद आणि हैदराबाद संस्थान, नातवाच्या आधारवर धाराशिव, महाराष्ट्र. त्या घराने या सगळ्या काळात आपला उंबरा बदललेला नाही. नाव बदलण्याची बाजू कुणी कशीही मांडो, त्या कागदांकडे बघून एक मात्र कळतं. ओळखीचा मुख्य भाग आपण निवडत नाही, तो वरून शिक्का मारून येतो. आणि शिक्का मारणारा हात दर पन्नास वर्षांनी बदलतो.

एका वर्षाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून निघालेलं भारतीय सैन्य निजामाच्या हद्दीत शिरलं. पहिली लढाई झाली ती तुझ्याच किल्ल्याजवळ, आणि बोरीवरचा पूल सैन्याने शाबूत हातात घेतला. १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली. आपण तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो आणि पाळलाच पाहिजे. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी त्याआधी गावोगाव जे केलं, ते तुझ्या म्हाताऱ्यांनी नातवंडांना सांगितलेलं आहे. त्यांचा पुढारी कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होतं. पण सैन्य आल्यानंतरच्या आठवड्यांत इथल्या मुसलमानांवर जो सूड उगवला गेला, तो सांगायला आपण कचरतो. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या पथकाने जिथे सर्वांत जास्त माणसं मारली गेली असे जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद होता. संस्थानभर मिळून सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेली, असा त्या पथकाचा अंदाज होता. तो अहवाल सामान्य माणसाला वाचायला मिळाला २०१३ मध्ये. १९४८ मध्ये आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने दारात उभं राहून हाच प्रश्न विचारला गेला, तू कोण? उत्तर एकाच शब्दात द्यायचं होतं आणि त्यावर जीव जायचा किंवा वाचायचा. माणसाला एका शब्दात बसवायचा आग्रह कुठवर जाऊ शकतो, हे तुझ्या जिल्ह्याने बघून झालेलं आहे. मारणारे बाहेरून आलेलेही होते आणि ओळखीचेही होते. जिथे ओळखीच्यांनीच लपवलं, तिथे माणसं वाचली.

आणि निजामाविरुद्धच्या त्या मुक्तिलढ्याचे नेते कोण होते? स्वामी रामानंद तीर्थ. जन्म विजापूरकडच्या सिंदगीचा, कानडी मुलखातला. कामगार चळवळीत वाढले, तुझ्या जवळच्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवलं, आणि मराठवाडा त्यांना आजही आपला म्हणतो. त्यांना कुणी विचारलं नाही की तुमचा जन्मदाखला कुठल्या भाषेत आहे.

आता आजच्या कागदांकडे येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीवरून न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तेव्हापासून मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधले मोडी आणि उर्दू दप्तर उपसलं जात आहे, कुणाच्या आजोबापुढे ‘कुणबी’ लिहिलंय ते शोधायला. २ सप्टेंबर २०२५ ला मुंबईत आझाद मैदानावरचं मराठा आरक्षणाचं उपोषण सुटलं ते निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटच्या शासन निर्णयावर. त्यानंतर बंजारा समाजही त्याच गॅझेटकडे बोट दाखवत अनुसूचित जमातीचा हक्क मागायला रस्त्यावर आला. या मागण्यांच्या मागे कोरडवाहू जमीन आहे, न मिळालेली नोकरी आहे, भरता न आलेली फी आहे. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण हे बघ की तुझ्या पोराचं भविष्य ठरतंय ते त्याच्या खापरपणजोबाच्या काळी एका कारकुनाने कुठल्या लिपीत, कुठल्या मनःस्थितीत काय खरडलं यावरून.

बंजाऱ्यांचंच घे. तुझ्या महामार्गाने पूर्वेला निघालं, उमरगा ओलांडला की कर्नाटक लागतं आणि पुढे तेलंगणा. एकाच गोत्राचे, एकाच सेवालाल महाराजांना मानणारे, एकच गोरबोली बोलणारे भाऊबंद तिन्हीकडे आहेत. महाराष्ट्रात ते विमुक्त जाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती. लेक सीमेपलीकडे दिली की मधला मैलाचा दगड ओलांडताना ती तीच राहते, सरकारदरबारी सासरचं घर मात्र माहेराहून वेगळ्या वर्गात बसतं. कैकाड्यांना तर राज्यही ओलांडावं लागत नाही. विदर्भात ते अनुसूचित जाती आहेत आणि तुझ्याकडे विमुक्त जाती. ज्या कायद्याने अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला, तो १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का पुसायला कायदा पुरला नाही. ‘उपरा’ किंवा ‘उचल्या’ ही आत्मकथनं वाचलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको.

म्हणून मी जातीच्या रकान्यात हात घालत नाही. त्यावर पुढारी आहेत, संघटना आहेत, वकील आहेत, न्यायालयं आहेत. तो रकाना नीट भरला जावा म्हणून डोळ्यांत तेल घालून बसणारे लाखो आहेत. मातृभाषेच्या रकान्याकडे बघणारं कुणी नाही. तिथे गुरुजी तुझ्या बाईला विचारायच्या आधीच ‘मराठी’ लिहितात, ‘उर्दू’ लिहितात, ‘हिंदी’ लिहितात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

त्याचं पुढे काय होतं, ते ऐक. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची नावं १९,५६९ निघाली. कचेरीत बसून ती चाळली, गाळली, जोडली आणि १,३६९ मातृभाषा उरल्या. दहा हजारांहून कमी बोलणारे असलेल्या भाषा १९७१ पासून नावानिशी छापतच नाहीत. उरलेल्या एकत्र बांधून शेवटी १२१ भाषा झाल्या. १९६१ च्या यादीत १,६५२ मातृभाषा होत्या, हे मुद्दाम आठवून देतो. या बांधाबांधीत तुझ्या बोली कुठे गेल्या? वडारी तेलुगूत गेली. कैकाडी तमिळमध्ये गेली. पारधी भिलीत गेली. दखनीला स्वतःची ओळही उरली नाही, ती उर्दूत विरली. जिच्यात तुझ्या बंधाऱ्याच्या बादशहाने ग्रंथ लिहिला, ती ही बोली. गोरबोली हिंदीखाली गेली, आणि तीही दोन तुकड्यांत. ‘बंजारी’ सांगणारे १५ लाखांहून अधिक वेगळे आणि ‘लमाणी’ किंवा ‘लंबाडी’ सांगणारे ३२ लाखांहून अधिक वेगळे. एकाच आईची लेकरं दोन दारांनी आत गेली आणि दोन्हीकडे हिंदीच्या खात्यावर जमा झाली. ज्या तांड्यावरच्या आजीला हिंदीतलं एक वाक्य धड बोलता येत नाही, ती हिंदीभाषक म्हणून मोजली गेली.

कुणी म्हणेल, आकड्यांनी काय होतं? बरंच होतं. भाषावार राज्यं झाली त्याच १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०अ आलं. अल्पसंख्य भाषक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं ते राज्याला सांगतं. राज्य बांधणाऱ्यांना कळत होतं की कुठेही रेघ मारली तरी कुणीतरी रेघेच्या चुकीच्या बाजूला राहणार. पण जी भाषा मोजणीतच नाही, तिच्या मुलासाठी राज्य काय सोय करणार? पहिलीच्या वर्गात बसलेलं तांड्यावरचं पोर आपल्याच बाईंची भाषा न कळल्यामुळे ‘ढ’ ठरतं. घरात त्याची आई त्याला जे जे शिकवते ते शाळेत चूक ठरतं. त्याला मराठी यायलाच हवी, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ती त्याच्या बोलीच्या खांद्यावर बसून यावी, बोलीला तुडवत नको. गोरबोली जाणणारा एक शिक्षक, चार गोष्टींची एक पुस्तिका, एवढंसुद्धा मागायला आधी आकडा लागतो.

दुसरा आक्षेप मी मराठीच्या प्रेमातून येणारा ऐकतो. सगळे आपापल्या बोली सांगू लागले तर मराठीची संख्या घटेल, सीमाभागात आपला दावा दुबळा होईल. ८६५ गावांचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमातंटा न्यायालयात आहे आणि तिकडचे मराठी लोक जे सोसताहेत ते मी कमी लेखत नाही. पण बिदर-भालकीच्या मराठी माणसाने कानडी राज्यात आपली भाषा मराठी म्हणून अभिमानाने सांगावी असं आपल्याला वाटतं. मग तुझ्या लिंगायताने कानडी, तांड्यावरच्या बाईने गोरबोली सांगितली तर आपल्या कपाळाला आठी का पडावी? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अशा भाषेला कैकाड्याची आणि वडाराची बोली आपल्या खात्यात ओढून मोठं दिसायची गरज नाही. शिवाय जनगणनेत मातृभाषेपुढे येणाऱ्या आणखी दोन भाषांची जागा २०११ मध्येही होती. तुझी बाई तिथे मराठी सांगेल, कानडी सांगेल. मराठी कुठेही जात नाही. गणेश देवी यांच्या भाषांच्या लोकसर्वेक्षणात देशभरात ७८० भाषा नोंदल्या गेल्या. त्यात महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. कितीतरी बोली त्यात पहिल्यांदाच आपल्या नावानिशी छापल्या गेल्या, आणि त्याने मराठीचं काही बिघडलं नाही.

तिसरी अडचण खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. तुझ्या शिवारात चोरी झाली की पहिली गाडी पारध्याच्या पालावर जाते. अशा घरात आई पोराला मुद्दाम बोली शिकवत नाही. बाजारात तोंडातून एक शब्द निघाला तरी ओळखलं जाईल, ही तिला भीती. तिने रकान्यात मराठी सांगितली, तर तिला दोष देण्याचा अधिकार मला नाही आणि तुलाही नाही. बोली सांगणं सुरक्षित करायची जबाबदारी तिची नाही, ती आपली आहे. तुझ्या तालुक्यात त्याची सुरुवात झालेली आहे. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आईबाप गमावलेल्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी आणि पन्नालाल सुराणांनी तुझ्याजवळ ‘आपलं घर’ उभं केलं. त्याच सुमाराला यमगरवाडीला पारधी आणि इतर भटक्या मुलांसाठी गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळा काढली. दोन्ही ठिकाणच्या कार्यकर्त्यांचे विचार एकमेकांच्या अगदी उलट टोकाचे. तरी दोघांनीही एकाच तालुक्यात जातीजातींची मुलं एका पंगतीला बसवली. अशा ठिकाणी पारधी पोर आपल्या बोलीत मोठ्याने ओरडू शकतं. गावातही तसं ओरडता आलं पाहिजे.

आता विनंतीकडे येतो. ती तीन जणांना आहे आणि तू ती त्यांच्यापर्यंत पोचव.

तुझ्या गुरुजींना आणि बाईंना सांग की मागच्या जनगणनांच्या सूचनापुस्तिकेत साफ लिहिलं होतं. समोरचा माणूस जी मातृभाषा सांगेल ती तशीच लिहायची, धर्मावरून भाषेचा अंदाज बांधायचा नाही. तुमचा पेन कचेरीतल्या चाळणीच्या आधी येतो. पेनातच बोली गळली, तर पुढे कुणी ती शोधू शकत नाही. म्हणून विचारा आणि उत्तराची वाट बघा. बाई घाबरून ‘लिहा की मराठीच’ म्हणाली, तर पुन्हा एकदा विचारा, लहानपणी आई तुमच्याशी काय बोलायची?

तुझ्या समाजांच्या पुढाऱ्यांना सांग की जातीच्या रकान्यासाठी जेवढ्या बैठका घेता, त्यातली एक या रकान्यासाठी घ्या. बंजारा समाजाने तर आधी एकच नाव ठरवावं आणि तेच सगळ्या तांड्यांवर सांगावं. दोन नावांनी मोजलं गेलं की काय होतं ते २०११ ने दाखवलंय.

आणि तुझ्या आयांना सांग. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई जी बोलली ती, अशीच जनगणनेची व्याख्या आहे. तेव्हा हा रकाना त्यांच्या मालकीचा आहे. नवऱ्याने, सासऱ्याने किंवा शिकलेल्या पोराने तो परस्पर भरू नये. बायांनो, दारात मोजणी आली की पुढे या. तुमच्या बोलीचं नाव पूर्ण आणि स्वच्छ उच्चारा, ते कागदावर किंवा मोबाइलवर उतरलं की वाचून दाखवायला सांगा, आणि चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

तुझा,
तुझ्याच जिल्ह्यातला एक मराठी लेखक